वाकलेला रेक: सरळ करायचा की सुटे भाग काढायचे?

ट्रॅक्टरमागचा, गवत ओढायचा जुना रेक वाकून आला की नव्या माणसाचा हात आधी जॅककडे जातो. जॅक राहू द्या. दोरी, ओळंबा, टेप, लेव्हल आणि खडू काढा. पाइप सरळ करणं फार अवघड नाही, कोणीही शिकतं. तो सरळ करण्यात अर्थ आहे का, हे ठरवताना भले भले फसतात.

व्हील रेक, म्हणजे दात्यांच्या चाकांनी गवत ओढणारा, असेल तर बरंचसं निभावतं. प्रत्येक चाकाला स्वतःचा हात आणि स्प्रिंग असते. फ्रेममध्ये थोडा बाक राहिला तरी एखादं चाक गवत सोडतं किंवा माती खरवडतं, आणि स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करून ते सांभाळता येतं.

पॅरलल-बार रेकमध्ये ही सवलत नाही, आणि नवशिके इथेच अडकतात. दोन टोकांना दोन चकत्या, मध्ये दात्यांचे दांडे. दांड्याची लांबी ठरलेली. चकत्या एकमेकींना समांतर असतील तरच दांडा पूर्ण फेरा मोकळा फिरतो. चकत्यांचे आस मुख्य पाइपाच्या लांबीला तिरके असतात, त्यामुळे पाइपाला पीळ बसला की एक चकती दुसरीच्या मानाने कलते. चकत्यांमध्ये १ अंशाचा फरक पडला, तर ६० सेंमी व्यासावर सुमारे १० मिमीचा फरक होतो. दांडा तर लांब-आखूड होत नाही. मग तो दर फेऱ्याला एकदा ओढला जातो, एकदा दाबला जातो. आधी टोकाची बेअरिंग जातात, मग पिना, मग चकतीला चीर पडते. मालक बेअरिंग बदलत राहतो आणि बेअरिंगच्या कंपनीला शिव्या घालतो.

बाक डोळ्यांना दिसतो, पीळ दिसत नाही. नुसता बाक काढून पीळ तसाच ठेवलेला रेक उभा असताना नव्यासारखा दिसतो आणि शेतात गेला की दांडे तोडतो.

म्हणून आधी ड्राइव्ह सोडवा आणि रील, म्हणजे चकत्या आणि दांड्यांचा फिरता सांगाडा, हाताने सावकाश फिरवा. प्रत्येक दांड्यावर खडूने आकडा टाका. एकच दांडा येतो तेव्हा अडकत असेल, तर तो दांडा वाकलाय किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. फ्रेमला हात लावायचं कारण नाही. प्रत्येक दांडा फेऱ्यातल्या त्याच जागी येऊन अडकत असेल, तर चकत्या समांतर नाहीत. सगळीकडे सारखंच जड जात असेल, तर आधी वंगण आणि गिअरबॉक्स बघा. या तपासणीला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही, तरी ती कोणी करत नाही.

पीळ मोजताना रेक चाकांवर ठेवू नका. मऊ टायर आणि झिजलेला हब दोघेही खोटं बोलतात. फ्रेम घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, टेकू नेहमीच्या आधाराच्या जागीच द्या. मुख्य पाइपाच्या दोन्ही टोकांना एकेक मीटरचा सरळ अँगल आडवा बांधा आणि लांबून दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का बघा. मीटरभर लांबीत १७ मिमीचा फरक म्हणजे १ अंश पीळ. ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या ओढणीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. एक मात्र लक्षात ठेवा: काही फ्रेम कारखान्यातूनच बाक देऊन येतात. त्याच मॉडेलचा धड रेक बघितल्याशिवाय ‘हे वाकलंय’ असं ठरवू नका.

आता निर्णय. सरळ पाइपाच्या मधोमध मोठ्या गोलाईचा बाक असेल, धातू चांगला असेल, तर खुशाल हात घाला, घाबरण्यासारखं काही नाही. जोडाजवळ वाकलं असेल तर वायर ब्रशने रंग काढून डाय पेनिट्रंट (बारीक चीर दाखवणारं द्रव) मारा. रंगातून गंजाची बारीक रेघ ओघळलेली दिसली, तर खाली बहुतेक चीर असते. पाइपाच्या भिंतीची घडी पडली असेल तर तो सरळ करू नका, तेवढा तुकडा कापून बदला. एकदा सरळ केलेल्या जागी पुन्हा वाकलं असेल तर माझं उत्तर ‘नाही’. आणि बीडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग वाकत नसतो, तुटतो. त्यावर जॅक लावणाऱ्याला लांब उभं करा. गंज आतून खातो म्हणून हातोडीने ठोकत जा. आवाज बसका आला तिथे ३ मिमीचं भोक पाडून भिंतीची जाडी मोजा.

बंद पाइप तापवायच्या आधीही भोक हवंच, नाहीतर आतली हवा किंवा ओल फुगून पाइप फुटू शकतो. आधी आतलं वाळलेलं गवत आणि ग्रीस साफ करा, पाण्याची बादली हाताशी ठेवा. जमेल तितकं थंडच सरळ करा: जोर सोडला की पाइप थोडा परत येतो, म्हणून गरजेपेक्षा जरा पुढे न्या, सोडा, मोजा, पुन्हा न्या. तापवायची वेळ आलीच तर मंद लाल, सुमारे ६५० अंश सेल्सिअस, त्यापुढे नाही. हा रंग उन्हात दिसत नाही, सावलीत काम करा. पाणी मारून थंड करू नका. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, उस्तादसुद्धा.

वरून जाड पट्टी ठोकून ‘आता हलत नाही’ म्हणणारे उस्ताद खूप भेटतील. पट्टीची चौकोनी टोकं पाइपावर आडवी वेल्ड केली, की पुढची चीर तिथूनच सुरू होते. पट्टी शंकरपाळ्यासारखी कापा, लांबीच्या बाजूंना वेल्ड करा, टोकं मोकळी सोडा. अर्थचा क्लॅम्प वेल्डजवळच लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खड्डे पडून बाद होतं. तुकड्यातुकड्याने, बाजू बदलत वेल्ड करा, नाहीतर काढलेला पीळ वेल्डच परत घालेल.

मग ड्राइव्ह जोडायच्या आधी तीच खडूची तपासणी पुन्हा. मोकळं फिरलं तर कमी वेगात चालवून टोकाची बेअरिंग तापली का ते हात जवळ धरून बघा, मात्र रील पूर्ण थांबल्यावर आणि ट्रॅक्टर बंद केल्यावरच. पहिल्या दिवसाच्या कामानंतर अँगल पुन्हा बांधून मापं घ्या. मापं सरकली असतील तर धातू थकलाय. अशा रेकचे गिअरबॉक्स, हब, दाते आणि धड दांडे काढून ठेवा, फ्रेम भंगारात द्या.