नट-बोल्टचा रंग बदलला? घासायला घेण्याआधी या चुका टाळा

जस्ताचा थर दिलेला बोल्ट पांढुरका किंवा काळपट दिसू लागला की हात आधी वायर ब्रशकडे जातो. खरं नुकसान तिथे सुरू होतं. झिंक प्लेटिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेल्या जस्ताचा थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचाच असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जोर लावून घासलंत, तर डागाबरोबर तोही निघून जातो.

हॉट डिप गॅल्वनायझिंगची (वितळलेल्या जस्ताच्या टाकीत बुडवून दिलेल्या थराची) चकाकी हळूहळू उतरून सगळा भाग एकसारखा राखाडी झाला, तर घाबरू नका. हवेच्या संपर्काने जस्तावर कार्बोनेटचा चिवट पापुद्रा धरतो आणि पुढची झीज तोच रोखतो. काही माल टाकीतून निघतानाच गडद येतो, कारण पोलादात सिलिकॉन जास्त असलं की लोह-जस्ताचा मिश्रथर पृष्ठभागापर्यंत वाढतो. केवळ रंग पाहून असा माल नाकारणं चूकच; तो थर अनेकदा जास्त जाड असतो.

पांढरी भुकटी मात्र मनावर घ्या. ओला माल एकमेकांना चिकटून, हवा न लागता राहिला की हा पांढरा गंज येतो. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवणं ही इथली सर्वांत मोठी चूक, कारण आत साचलेला दमटपणा बाहेर पडत नाही. माल सुटा करा, वाळवा, नायलॉनच्या ब्रशने भुकटी झाडा आणि मायक्रॉन मोजणाऱ्या गेजने उरलेला थर तपासा. तो पुरेसा असेल तर बोल्ट खुशाल वापरा.

तांबूस डाग दिसला, तर आधी पुसून पाहा. ग्राइंडिंगचा लोखंडी कीस वर पडून गंजला असेल तर डाग निघतो आणि खाली जस्त शाबूत दिसतं. आट्यांमधून किंवा कडेने लाल गंज पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर तिथलं जस्त संपलं, बोल्ट बदला.

पिवळ्या पॅसिव्हेशनचा, म्हणजे जस्तावर दिलेल्या क्रोमेटच्या संरक्षक पापुद्र्याचा रंग उडाला असेल तर उष्णता तपासा. पारंपरिक क्रोमेटचा पापुद्रा साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे कोरडा पडून तडकतो. म्हणूनच बेकिंग (प्लेटिंगनंतर पोलादातला हायड्रोजन काढायला बोल्ट तापवणं) पॅसिव्हेशनच्या आधी करतात.

आणि डाग काढायला ॲसिड कधीच नको. ते जस्त खातं. १०.९ किंवा १२.९ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टमध्ये त्यातून सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि ताण दिल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटू शकतो.