लाकडी जहाजांची मॉडेल्स: सुरुवात कुठून करावी, काम फसते कुठे

पहिले मॉडेल म्हणून 'एचएमएस व्हिक्टरी' या जुन्या ब्रिटिश युद्धनौकेचा खोका, म्हणजे सुटे भाग आणि सूचना असलेला संच, घेऊ नये. तीन डोलकाठ्या, शंभरावर तोफा आणि १:७२ प्रमाणातसुद्धा सव्वा मीटरच्या पुढे जाणारी लांबी. असा खोका बहुतेक घरांत सांगाड्यावर पाच-सहा पट्ट्या बसल्या की माळ्यावर जातो. पट्टी बसवायचा हात तयार व्हायच्या आत ढीगभर पट्ट्या समोर येतात, आणि पहिल्या दहांत झालेली चूक पुढच्या प्रत्येक पट्टीला थोडी थोडी वाढवत नेते.

चढण लहान ठेवावी. 'मॉडेल शिपवेज' कंपनीचा तीन होड्यांचा संच याच हिशेबाने आखलेला आहे: १:२४ ची लोवेल ग्रँड बँक्स डोरी, १:१२ ची नॉर्वेजियन प्रॅम आणि १:२४ ची मस्कोंगस बे लॉबस्टर स्मॅक. डोरीत सपाट तळ आणि रुंद फळ्या, प्रॅममध्ये एकमेकींवर चढणाऱ्या फळ्या, स्मॅकमध्ये बल्कहेडचा (आडव्या छेदाच्या आकाराच्या तक्त्यांचा) सांगाडा, डेक आणि थोडे दोरकाम. यानंतर एका डोलकाठीचे १:६४ चे कटर, मग दोन डोलकाठ्यांचे ब्रिग, आणि तीन डोलकाठ्यांचे फ्रिगेट त्याच्याही नंतर. प्रत्येक नव्या मॉडेलने एकच नवी गोष्ट शिकवली तर पुरे.

अवजारांवर सुरुवातीला फार खर्च करायला नको. सर्जिकल दुकानात मिळणारा ३ नंबरचा हँडल आणि ११ नंबरची पाती, बारीक दाताची करवत, कानशींचा छोटा सेट, स्टीलची पट्टी, लहान गुण्या, बोटभर लांबीचा रंधा, ०.५ ते १ मिमीची ड्रिल बिट्स आणि ती धरायला हाताने फिरवायचा चक. १२०, १८०, २४०, ३२० चे पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यांवर चिकटवून ठेवावेत. बोटाखाली धरलेला कागद कडा गोल करतो. कपड्यांचे चिमटे दोन डझन. मिनी ड्रिल दुसऱ्या मॉडेलपर्यंत थांबू शकते.

सांगाडा

खोक्यातली जहाजे बहुतेक एकाच पद्धतीची असतात. मधोमध प्लायचा उभा कणा आणि त्याच्या खाचांत आडवे बसणारे बल्कहेड. खऱ्या होडीच्या कण्याला कोकणातले सुतार पठाण म्हणतात. कणा आधी काचेवर ठेवून पाहावा. १ मिमीचाही बाक दिसला तर ओल्या फडक्याने दमट करून दोन सपाट फळ्यांत दाबून रात्रभर ठेवायचा. बल्कहेड कोरडेच बसवून पाहावेत. ठोकून बसत असेल तर खाच कानशीने सैल करायची, नाहीतर कणा पुन्हा वाकतो. गोंद लावताना प्रत्येक बल्कहेड गुण्याला लावून काटकोनात आहे का ते बघायचे. पहिल्या बल्कहेडच्या पुढे, कण्याच्या दोन्ही बाजूंना बाल्साचे ठोकळे भरून घ्यावेत, कारण नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, पट्टीला टेकायला एरवी काही नसते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि तिथेच मॉडेल ठरते: बल्कहेडच्या कडांना उतार देणे. पट्टी नाळेकडे आत वळते, त्यामुळे बल्कहेडच्या ३-४ मिमी जाड कडेच्या फक्त एका धारेला टेकते. ती पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. मधल्या सर्वांत रुंद बल्कहेडच्या पुढे असलेल्यांची पुढची धार घासायची, मागे असलेल्यांची मागची. लेझरने कापलेल्या कडेला काळी जळकी रेघ असते, तीच खूण. न घासायच्या धारेवर केसाइतकी काळी रेघ शिल्लक राहिली तर माप शाबूत आहे. ती पुसली गेली म्हणजे बल्कहेड लहान झाला आणि तिथे खड्डा पडणार. मग वर कागदासारख्या पातळ लाकडाचा तुकडा चिकटवून पुन्हा घासावे लागते.

तपासायला ५ × १.५ मिमीची पट्टी किमान चार बल्कहेडवर आडवी धरायची आणि उजेडाकडे बघायचे. खालून उजेड दिसतो तिथे खड्डा, पट्टी उचलली जाते तिथे उंचवटा. पट्टी डेकच्या पातळीपासून कण्यापर्यंत सरकवत न्यायची, दोन्ही बाजूंना. यात एक पूर्ण रविवार जातो.

मागच्या टोकाचा हिशेब बहुतेक सूचनापुस्तिका एका ओळीत उडवतात. समजा मागचा उभा खांब ५ मिमी जाड आहे. कवचावर पट्ट्यांचे दोन थर येतात: पहिला १.५ मिमी, दुसरा, वरून दिसणारा, ०.५ मिमी. दोन्ही बाजूंचे मिळून ४ मिमी झाले. म्हणजे खांबाला लागून कणा १ मिमीच उरायला हवा. प्लाय मात्र ५ मिमीचा असतो. शेवटच्या दोन बल्कहेडपासून मागे तो पटाशीने आणि पॉलिश पेपरने उतरता न केल्यास पट्ट्या खांबापेक्षा दोन्ही अंगांनी २-२ मिमी बाहेर येतात, आणि सुकाणू बसवताना जहाजाची शेपटी सुजल्यासारखी दिसते. तोवर उशीर झालेला असतो.

पट्ट्या

पट्ट्या अंदाजाने लावू नयेत, आधी मोजाव्यात. कागदाची अरुंद पट्टी मधल्या बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत चिकटवून लांबी घ्यायची. समजा ती १०० मिमी आली. ५ मिमीच्या पट्ट्यांनी एका बाजूला २० पट्ट्या. आता तेच माप नाळेजवळच्या बल्कहेडवर घेतले तर ६२ मिमी. त्याच २० पट्ट्या ६२ मध्ये बसवायच्या, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी ३.१ मिमीची. लांबीच्या पुढच्या एक-तृतीयांशात ५ पासून ३.१ पर्यंत उतरता रंधा मारायचा. सगळ्या बल्कहेडवर अशी विभागणी पेन्सिलीने आखून ठेवली की पट्टी आपली जागा स्वतः सांगते.

एक मर्यादा पाळायची: पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याखाली नेऊ नये. नाळेजवळ ४८ मिमीच आले तर वाटा २.४ चा होतो, आणि असे निमुळते टोक खिळ्याखाली चिरते. अशा ठिकाणी दोन पट्ट्यांची पुढे एक करतात. एक पट्टी नाळेच्या आधीच्या बल्कहेडवर थांबते, तिचे टोक निम्म्या रुंदीचे आणि बोथट ठेवायचे. शेजारच्या पट्टीत तेवढी खाच करून ती पूर्ण रुंदीने नाळेला भिडवायची. मागे उलटा प्रकार. तिथे १०८ मिमी आले तर वीस पट्ट्या ८ मिमी कमी पडतात. ती फट पाचरीच्या आकाराच्या दोन तुकड्यांनी भरायची. पट्ट्या ताणून फट झाकायला गेलात तर त्या कडेवर उभ्या राहतात.

सुरुवात डेकच्या कडेने करायची. वरून चार-पाच पट्ट्या झाल्या की तळाकडे जायचे आणि कण्याला लागून असलेली गारबोर्ड पट्टी घ्यायची. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. कणा जिथे नाळेकडे वर वळू लागतो तिथेच गारबोर्डचे टोक संपले पाहिजे. ते वळणावर चढू दिले की वरच्या सगळ्या पट्ट्यांची जागा खाल्ली जाते आणि नाळेजवळ पट्ट्या सुईसारख्या होतात. मधली उरलेली जागा काळे दोरे ताणून चार-पाच पट्ट्यांच्या गटांत विभागावी. लांबून पाहिले की दोऱ्याचा बाक चुकलेला लगेच कळतो, पट्टी चिकटल्यावर तो कळून उपयोग नाही.

डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. एकाच अंगाला पाच-सहा लावल्या तर सुकताना कणा त्या बाजूला ओढला जातो.

वाकवायला पट्टी कोमट पाण्यात १५-२० मिनिटे ठेवावी आणि केस सरळ करायच्या इस्त्रीवर हळूहळू वाकवावी. अक्रोडाची पट्टी घाई केली की तडकते. ओली पट्टी लगेच चिकटवू नये. पाण्याने ती रुंदीला फुगलेली असते, सुकल्यावर आकसते आणि दोन पट्ट्यांत फट राहते. नुसती टाचण्यांनी जागेवर धरून रात्रभर सुकू द्यायची, मग गोंद.

मुंबई-कोकणात पावसाळा हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. जुलैच्या दमट हवेत घट्ट बसवलेले कवच दिवाळीनंतर कोरडे झाले की सांध्यांत केसाएवढ्या रेघा उघडतात. म्हणून पट्ट्या ऑक्टोबर ते मेमध्ये लावाव्यात, लाकूड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे, आणि पावसाळा डोलकाठ्या, पुल्या, तोफगाडे यांना द्यावा.

गोंद म्हणून पहिल्या थराला फेविकॉल पुरेसा. चुकलेला सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होऊन सुटतो, हा त्याचा मोठा फायदा. फेविक्विक झटपट धरतो पण दमट हवेत पांढरी वाफ धरतो, आणि पट्टीवर उतरलेला थेंब वॉर्निशखाली डागासारखा दिसतो. दुसऱ्या, दिसणाऱ्या थराला तो वापरायचाच तर टोकाला एक ठिपका आणि मध्ये फेविकॉल. वॉर्निशच्या आधी कवच स्पिरिटच्या फडक्याने पुसून पाहा. गोंदाचे डाग फिकट उठून दिसतात आणि तेव्हाच घासता येतात. पहिल्या थरातले खड्डे लांबीने (पुटीने) भरायला हरकत नाही, तो थर झाकला जाणार आहे. दुसऱ्या थरात लांबी दिसू नये.

लाकडाबद्दल थोडे

साग वापरू नका. 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे फ्रिगेट १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधले, आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभे आहे. तरी त्याचे मॉडेल सागात केले तर सागाची छिद्रे १:६४ ला बोटभर रुंदीच्या चरांसारखी दिसतील. बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड हवे. आपल्याकडचा हळदू त्यासाठी उत्तम: पिवळसर, घट्ट, धार धरणारा. वखारीत तुकडा मागितला तर मिळतो, पण रेषा सरळ असलेलाच घ्यायचा.

डेक आणि डोलकाठी

डेकच्या पट्ट्या प्रमाणात कापाव्यात. २० फुटांची खरी फळी १:६४ ला ९५ मिमी होते, १० इंच रुंदीची ४ मिमी. अखंड पट्ट्या नाळेपासून मागेपर्यंत ओढलेला डेक लगेच खोटा वाटतो. एकाच तुळईवर दोन सांधे यायचे तर मध्ये तीन पट्ट्या तरी जाऊ द्याव्यात. फळ्यांमधल्या फटीतल्या डांबराची रेघ दाखवायला पट्टीच्या एका कडेवर मऊ पेन्सिल फिरवणे पुरते. मार्करची शाई वॉर्निशने पसरते.

डोलकाठीसाठी तयार गोल काठी घेतली तर आधी काचेवर लोळवून पाहा, वाकडी असेल तर डगमगते. चौकोनी काठीतून करणे जास्त भरवशाचे. प्रत्येक बाजू ७:१०:७ अशी आखायची, म्हणजे ८ मिमीच्या काठीवर साधारण २.३, ३.३, २.३. कोपरे रेघेपर्यंत रंधून आठ बाजू करायच्या, मग त्यांच्या सोळा आणि शेवटी पॉलिश पेपर. निमुळतेपणा चौकोनी असतानाच द्यायचा, नंतर तो चारी बाजूंना सारखा येत नाही.

दोरकाम

खोक्यातला सुती दोरा बाजूला ठेवून पॉलिस्टर घ्या. सुती दोऱ्यावर लव असते आणि हवेच्या ओलाव्याने तो कधी सैल, कधी घट्ट होतो. डोलकाठीला धरणारे कायमचे दोर डांबर लावलेले असत, त्यासाठी गडद तपकिरी रंग काळ्यापेक्षा खरा वाटतो. शिडांचे हलते दोर फिकट.

बाजूच्या दोरांवरच्या शिडीच्या पायऱ्या १३ इंचांनी धरल्या तर १:६४ ला साधारण ५ मिमी. पोस्टकार्डावर ५ मिमीच्या रेघा आखून दोरांच्या मागे चिमट्याने लावायचे आणि प्रत्येक उभ्या दोरावर क्लोव्ह हिच ही दोन वेढ्यांची गाठ बांधायची. गाठ ओढताना हात जड झाला की उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते. दर पाच पायऱ्यांनंतर बाहेरच्या दोन दोरांमधले अंतर पट्टीने मोजायचे. बिघडले तर सोडून परत बांधायचे, डिंकाने ते सुधारत नाही.

खोक्याबाहेर

तीन-चार मॉडेल्सनंतर आराखड्यावरून बांधायला घ्या. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे मूळ आराखडे ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत आणि त्यांच्या प्रती विकत मिळतात. पण पहिल्यांदा समोर दिसणारी होडी मोजणे सोपे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि त्या दिवसांत किनाऱ्यावर बऱ्याच होड्या वर ओढलेल्या सापडतात. आधी मालकाला विचारा. नाळेपासून मागच्या खांबापर्यंत मधोमध दोरी ताणायची आणि दर ५० सेंमीवर खूण करायची. प्रत्येक खुणेवर वरून बाहेर काठी धरून ओळंबा सोडायचा, आणि जमिनीपासून दर १० सेंमी उंचीवर ओळंब्यापासून फळीपर्यंतचे अंतर टिपायचे. ओळंबा मधल्या दोरीपासून किती दूर आहे हेही त्याच ओळीत लिहा. त्यातून ओळंब्यापासून फळीपर्यंतचे अंतर वजा केले की त्या उंचीची अर्धी रुंदी मिळते. ८ मीटरची होडी १:२० ला ४० सेंमी होते. बल्कहेड कापताना अर्ध्या रुंदीतून मॉडेलच्या पट्टीची जाडीही वजा करायची, नाहीतर होडी दोन्ही अंगांनी जाड होते.

मापे त्याच संध्याकाळी कागदावर उतरवून बघा. वक्र रेघेत एखादा बिंदू बाहेर उडाला तर ते माप चुकलेले असते, आणि होडी जागेवर आहे तोवर परत जाऊन ते घेता येते. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात असते.