फिश फाइंडरची फ्रिक्वेन्सी: होडी पाण्यात लोटण्याआधी ठरवून ठेवा

फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्याची फ्रिक्वेन्सी ठरवताना सगळ्यात आधी खोलीचा आकडा काढून ठेवा. जिथे गळ टाकणार, तिथलं जास्तीत जास्त खोल पाणी किती मीटर, हे नकाशावरून किंवा माहीतगाराकडून कळून घ्या. फ्रिक्वेन्सीचा अर्धा निर्णय तिथेच होतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितका आवाज पाण्यात लवकर विरतो. ५० किलोहर्ट्झचा आवाज शेकडो मीटर खाली जाऊन परत येतो, २०० चा त्याच्या बराच आधी थकतो आणि ८०० चा उपयोग उथळ पाण्यापुरताच. पाणी खारं की गोडं, हेही टिपून घ्या. खाऱ्या पाण्यात आवाज जास्त शोषला जातो, त्यामुळे तळ्यात छान चाललेलं सेटिंग समुद्रात तेवढ्याच खोलीला तोकडं पडू शकतं.

मग काय बघायचंय ते ठरवा. लोक हे घाईत उरकतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. प्रश्न शंकूचा आहे. ट्रान्सड्यूसरमधून, म्हणजे यंत्राच्या आवाज सोडणाऱ्या आणि पकडणाऱ्या भागातून, आवाज शंकूसारखा पसरत खाली जातो. २० अंशांचा शंकू ३० मीटर खोलीवर साधारण साडेदहा मीटर रुंद होतो, ४५ अंशांचा जवळपास २५ मीटर. त्याच ट्रान्सड्यूसरवर कमी फ्रिक्वेन्सीचा शंकू रुंद असतो, म्हणून मोकळ्या पाण्यात थवा हुडकायला ती बरी. पण तळ उताराचा किंवा खडकाळ असेल तर रुंद शंकू फसवतो. शंकूच्या कडेला आलेला उंच खडक आधी प्रतिध्वनी देतो, यंत्र त्यालाच तळ समजतं आणि बाजूच्या खोलगटात बसलेले मासे पडद्यावरच्या तळाच्या जाड रेघेत गडप होतात. मासा तळाला चिकटून राहणारा असेल आणि खोली झेपत असेल, तर डोळे झाकून २०० घ्या. तळातल्या फांद्या, बुडालेली झाडं नीट बघायची असतील तर ४५५ किंवा ८०० चं डाउन इमेजिंग, म्हणजे होडीच्या सरळ खालचं बारीक, फोटोसारखं चित्र.

यंत्रात चर्प (एका आकड्याऐवजी फ्रिक्वेन्सींचा पट्टा वापरणारं तंत्र) असेल तर एकच आकडा धरून बसावं लागत नाही, पण लो, मिडियम, हाय यातला पट्टा मात्र निवडावाच लागतो आणि तो वरच्याच हिशोबाने.

आता ट्रान्सड्यूसर पाहा. मेन्यूमध्ये ५० दिसतं म्हणून ट्रान्सड्यूसर ५० वर चालेलच असं नाही. त्याच्या लेबलवरची फ्रिक्वेन्सी वाचा, यंत्रातला प्रकार तोच निवडला आहे ना ते बघा. त्याचा खालचा पृष्ठभाग मऊ फडक्याने पुसून घ्या. तो होडीच्या इंजिनाच्या पंख्याच्या फेसात येत नाही ना, हेही तपासा. हवेचे बुडबुडे आवाज अडवतात आणि मग कुठलीही फ्रिक्वेन्सी लावली तरी पडद्यावर कचराच दिसतो.

सोबत दुसरी होडी येणार असेल तर त्यांची फ्रिक्वेन्सी आधीच विचारून घ्या. दोघांचीही २०० असेल तर एकमेकांचे आवाज पकडले जाऊन पडद्यावर ठिपक्यांच्या तिरक्या रेघा उमटतात. ट्रान्सड्यूसरला चालत असेल तर एकाने ८३ वर जावं, नाहीतर इंटरफिअरन्स फिल्टर (दुसऱ्या यंत्राचे आवाज गाळणारं सेटिंग) चालू करावा.