पाचट, युरिया आणि पिवळा पडलेला खोडवा: कर्ब-नत्राच्या हिशेबातल्या या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या मोहोळ भागात संध्याकाळी अंगणातले वाळत घातलेले कपडे काढायला गेलं, की त्यावर काळी काजळी बसलेली असते. जवळपास कुणाचा तरी ऊस तुटून गेलेला असतो आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटलेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "राखेनं जमिनीला ताकद येते."

राखेत पालाश (पोटॅश), स्फुरद (फॉस्फरस), चुना राहतो हे खरं आहे. पण पाचटाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कर्ब (कार्बन) असतो, तो धुरातून हवेत जातो आणि त्याच्याबरोबर नत्रही (नायट्रोजन) जवळपास सगळं जातं. एक टन पाचटात साधारण ४ ते ५ किलो नत्र असतं. एकरी तीन-चार टन पाचट धरलं, तर युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यातलं पाऊण पोतं नत्र आपण तासाभरात उडवून देतो. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण ते पिकाला थेट घेता येत नाही. ते मातीत आणायला जिवाणू लागतात, वीज कडाडावी लागते किंवा कारखान्यात प्रचंड दाबाखाली अमोनिया बनवावा लागतो. इतक्या कष्टानं खाली आलेलं नत्र काडेपेटीनं परत पाठवू नका.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण पाचट न जाळणारे पुष्कळ जण इथेच अडकतात. पहिल्या वर्षी मी पाचट ठेवलं, रोटाव्हेटरनं मातीत मिसळलं, पाणी दिलं आणि झालं असं समजलो. महिन्याभरात खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला नवा ऊस, पिवळा पडला. आण्णा बांधावर उभे राहून म्हणाले, "बघ, जाळलं असतंस तर हे झालं नसतं." त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पोटात होतं. त्यांच्या शरीरात ८ भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं. खाल्लेल्या कर्बापैकी साधारण दोन तृतीयांश ते श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतात. म्हणजे त्यांचं अन्न २४ ला १ अशा प्रमाणाचं असलं तर त्यांचं भागतं. पाचटात हे प्रमाण ८० ते १०० ला १ असतं, ज्वारीच्या धसकटातही बरंच जास्त असतं. कर्ब भरपूर, नत्र तोकडं. मग जिवाणू मातीतलं उपलब्ध नत्र ओढून घेतात आणि ऊस उपाशी राहतो. ते नत्र वाया गेलेलं नसतं. जिवाणू मेले की ते परत मातीत मोकळं होतं, पण तोवर खोडव्याच्या फुटव्यांची वेळ निघून जाते.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पाचट सरीत दाबून घ्या आणि दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. हा युरिया जिवाणूंच्या वाट्याचा आहे. उसाच्या खताचा नेहमीचा हप्ता त्यातून कापू नका.

पिवळेपणा दिसला की लगेच युरियाचं पोतं फोडणं ही दुसरी मोठी चूक. आधी फडात वाकून पाहा, कुठलं पान पिवळं आहे? खालची जुनी पानं शेंड्याकडून पिवळी होत असतील तर नत्र कमी पडतंय. वरचं कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. सोलापूरच्या चुनखडीच्या जमिनीत हे सर्रास दिसतं. तिथे युरिया टाकून काही होणार नाही. फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्या.

चुनखडीवरून आठवलं. माती परीक्षणाच्या कागदावर "सेंद्रिय कर्ब" हा आकडा बघा. चुनखडीतही कर्ब असतो, पण तो दगडातला आहे, जिवाणूंच्या उपयोगाचा नाही. जमीन चुनखडीची म्हणजे कर्ब भरपूर, असं मानू नका. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी आहे.

युरिया वरून फेकून पावसाची वाट बघू नका. युरिया ओलाव्याला विरघळला की मातीतलं एक विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं. आपल्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर, त्यात ऊन. मग अमोनिया वायू होऊन उडून जातो. शेणाच्या खड्ड्याजवळ नाकात झोंबतो तोच हा वास. युरिया मातीत चार बोटं खोल गाडा, किंवा टाकल्यावर लगेच पाणी द्या. मात्र पाणी तुंबवू नका. काळ्या मातीत पाणी साचलं की हवा संपते, मग जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि नत्र वायू होऊन जातं. त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त तापदायक आहे.

कच्चं शेणखत टाकू नका, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी शेतात येते.

तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, पण तूर घेतली म्हणजे जमिनीत नत्र आपोआप साठलं, असं समजणंही घाईचं आहे. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड खुरप्यानं हळूच उकरा. ओढू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र बांधत नाही, पुढच्या हंगामात बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठींतल्या जिवाणूंचं खत, चोळा. आणि कमावलेलं बरंचसं नत्र दाण्यात जातं, दहा क्विंटल तुरीबरोबर सुमारे ३५ किलो. रानाला मिळतो तो गळलेला पाला आणि मुळं. तो पाला झाडून चुलीला नेऊ नका.

शेवटची चूक शेताबाहेरची, पण मला फार लागते. सोलापूरजवळच्या नान्नजसारखा गवताळ माळ बघून लोक म्हणतात, "पडीक आहे, झाडं लावू." तो माळ पडीक नाही. गवताचा बहुतेक कर्ब मुळांत, जमिनीखाली असतो. वरचं गवत चरलं गेलं, वाळलं, तरी खालचा साठा राहतो. खड्डे घेण्यासाठी जेसीबी फिरला की तीच माती उघडी पडते, जिवाणूंना हवा मिळते आणि वर्षानुवर्षं साठलेला कर्ब वायू होऊन निघून जातो. तिथल्या माळढोक पक्ष्यालाही झाडी नको, मोकळं गवतच हवं. झाडं लावायला शेताचे बांध आहेत, ओढ्याकाठ आहेत, गावातले रस्ते आहेत. कडुलिंब, बाभूळ, चिंच तिथे लावा.