गावच्या शाळेचा अभ्यासक्रम आखताना या चुका टाळा

विदर्भात शाळांच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ‘आपल्या शाळांसाठी स्थानिक अभ्यासक्रम’ हा विषय निघाला की पहिली चूक बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच होऊन जाते. कोणीतरी बालभारतीचे पुस्तक उघडून अनुक्रमणिका वाचायला घेते आणि बाकीचे धडे महिन्यांच्या रकान्यांत वाटू लागतात. याला वार्षिक नियोजन म्हणावे; अभ्यासक्रमाची आखणी म्हणू नये. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली आखणीचे चार प्रश्न क्रमाने मांडले होते : कोणती उद्दिष्टे साधायची, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते अनुभव कोणत्या क्रमाने गुंफायचे आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे ओळखायचे. अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली की आपण थेट तिसऱ्या प्रश्नावर उतरतो आणि पहिला प्रश्न विचारायचाच राहून जातो.

यावर उपाय म्हणून काही शाळा अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे मुलांना काय यायला हवे याचा, तक्ता टाचणवहीत (पाठाच्या तयारीच्या वहीत) जसाच्या तसा उतरवून घेतात. पण ‘विद्यार्थ्यास अपूर्णांकांची समज येते’ असे लिहिल्याने काहीच ठरत नाही, कारण ती समज डोळ्यांना दिसत नाही. मूल काय करील, काय बोलेल किंवा काय चुकवील, म्हणजे समज आली अथवा आली नाही असे आपण म्हणू, हे उपक्रम ठरवण्याआधी एका वाक्यात लिहावे. ते वाक्य सुचत नसेल तर उद्दिष्टच अजून धूसर आहे असे समजावे.

माझ्या मते सर्वांत फसवी चूक ‘स्थानिक’ या शब्दाशी निगडित आहे, कारण ती चांगल्या हेतूने केली जाते. गणितातील सफरचंदांच्या जागी संत्री घातली, पाठात पोळा आणि तान्हा पोळा आणला, भिंतीवर पळाटीचे (कापसाच्या झाडाचे) चित्र काढले की अभ्यासक्रम गावाशी जोडला गेला, असा समज आहे. ही कसोटी लावून पाहा : स्थानिक वस्तू काढून टाकली तरी पाठ तसाच उभा राहत असेल, तर ती केवळ सजावट होती. याउलट शतमान हा घटक घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर कापसातील ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेतला जात नाही, हे सातवीच्या कितीतरी मुलांनी घरी ऐकलेले असते. मग ओल्या कापसाचे वजन का वाढते, सकाळी दव असताना वेचलेल्या आणि दुपारी वेचलेल्या कापसात किती फरक पडतो, एक क्विंटल कापसात ११ टक्के ओलावा म्हणजे किती किलो पाणी, आणि हमीभाव ठरवते कोण, असे प्रश्न एकातून एक निघत जातात. येथे गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र कापसावाचून पुढे सरकत नाही. (वजनकाट्याच्या रांगेत बापासोबत बसलेल्या मुलाने यातील दोन प्रश्न आपल्याआधीच सोडवलेले असण्याची शक्यता गृहीत धरावी.)

हा विचार विदर्भाला बाहेरून आलेला नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेतील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या हातउद्योगाला, दिली. एवढा वेळ देण्यामागे उद्योग हाच इतर विषय शिकण्याचे माध्यम व्हावा, ही कल्पना होती. सूत मोजताना अंकगणित यावे आणि कापसाच्या निमित्ताने इतिहास-भूगोल यावा. पुढे बहुतेक ठिकाणी माध्यमाचा विषय झाला, विषयाची तासिका झाली, आणि तासिकेत कागदी फुले उरली. आज स्थानिक कौशल्यांसाठी शनिवारची वेगळी तासिका ठेवणाऱ्या शाळा त्याच वाटेने निघाल्या आहेत.

दुसरी मोठी चूक निदानाची आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. कोलाम आदिवासींच्या एका पोडावरील (वस्तीवरील) शाळेत दुसरीचा एक मुलगा ‘किती उरले?’ या प्रश्नावर महिनाभर गप्प राहिला. वजाबाकी येत नाही असा शेरा मी लिहिला आणि त्याच्यासाठी उपचारात्मक अध्यापनाचे तक्ते तयार केले. एके दिवशी शेजारच्या मुलीने तोच प्रश्न त्याला कोलामीत विचारला आणि त्याने बोटे न मोजता उत्तर दिले. अभ्यासक्रमतज्ज्ञ हिल्डा ताबा यांनी १९६२ साली मांडलेल्या क्रमात गरजांचे निदान ही पहिली पायरी आहे आणि घटक तयार करण्याचे काम वर्गातील शिक्षकापासून सुरू होते. ते निदान मराठीतल्या लेखी चाचणीवरच उभे असेल, तर गोंडी, कोरकू किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांची भाषेची अडचण गणिताच्या खात्यात जमा होते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाने वहीत ‘मले’ लिहिले तर तो अज्ञानाचा पुरावा नाही, हेही येथेच नोंदवतो.

वेळापत्रकाविषयी थोडक्यात. सीतादही (वेचणीच्या आरंभीची शेतातली पूजा) होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की वरच्या वर्गांतील हजेरी घटते, कारण मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात. अशा आठवड्यांत नवा आणि अवघड घटक ठेवू नये.

द्विशिक्षकी शाळेत चार इयत्तांसाठी चार स्वतंत्र आखण्या करणे हीही चूकच आहे. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली मांडलेली सर्पिल रचना, म्हणजे तीच मूळ कल्पना पुढच्या प्रत्येक टप्प्यावर अधिक खोलीने घेणे, अशा शाळांना फार उपयोगी पडते. तलावाच्या एकाच विषयावर पहिलीतली मुले वस्तूंची नावे सांगतील, तिसरीतली पाण्याची पातळी खुंटीवर मोजतील आणि चौथीतली आठवड्यांच्या नोंदींचा तक्ता काढतील. मात्र दरवर्षी तेच चित्र तसेच काढून घेतले, तर ती केवळ उजळणी झाली.

एवढे करूनही घटक फसला तर दोष कोठे आहे ते आधी शोधावे. शिक्षणतज्ज्ञ जॉन गुडलॅड यांनी १९७९ साली अभ्यासक्रमाचे स्तर वेगळे करून दाखवले : मनात योजलेला, कागदावर मान्य झालेला, शिक्षकाला उमगलेला, वर्गात प्रत्यक्ष घडलेला आणि मुलांनी अनुभवलेला. कागद ठीक असून शिक्षकाला उमगला नसेल तर कागद पुन्हा लिहून उपयोग नाही. शेजारच्या शाळेतील शिक्षकाने तो पाठ एकदा घेऊन दाखवावा. वर्गात सारे घडले आणि मुलांच्या हाती काही लागले नाही, तर मुलांशीच, शक्य असेल तर त्यांच्या बोलीत, बोलावे. यासाठी टाचणवहीच्या डाव्या पानावर ठरवलेले आणि उजव्या पानावर घडलेले लिहावे. बदली होताना ती वही शाळेतच ठेवावी, कारण जूनअखेर विदर्भातील शाळा उघडतील तेव्हा नव्या शिक्षकाला अनुक्रमणिकेआधी वाचायला काहीतरी हवे असते.