पायरिया: आधी खळग्यांचे आकडे विचारा

पेरूच्या फोडीवर रक्त दिसलं तेव्हा मी ब्रशलाच नाव ठेवलं आणि ती बाजू घासणंच सोडलं. त्याने किटण आणखी साचलं. वर्षभरात खालचे पुढचे दोन दात जिभेने हलायला लागले. हाच पायरिया: हिरड्यांचा आजार, त्यात दात धरून ठेवणारं हाड झिजतं. तुमच्याही हिरड्यांतून रक्त येत असेल तर ती बाजू सोडू नका. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हळू घासा, आणि दाखवून घ्या.

डॉक्टरांना ‘क्लीनिंग करा’ म्हणण्याआधी खळगे, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खोली, मोजायला सांगा. खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक; ४ किंवा जास्त आणि वर रक्त, तर उपचार हवेत. माझ्या एका दाढेपाशी ७ होते. आकडे लिहून घ्या, पुढे तेच कामाला येतात. हाड किती झिजलंय ते एक्स-रेत कळतं. नुसती सूज असेल तर ती साफसफाईने पूर्ण बरी होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही, झीज तेवढी थांबवता येते.

खळगे खोल असतील तर हिरडीखाली, मुळांवरचं किटण खरवडतात. भूल देऊन, माझं दोन बैठकांत झालं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नंतर दातांत फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं. ‘क्लीनिंगने दात ढिले होतात’ हे शेजारणीचं म्हणणं इथूनच येतं! सूज ओसरली, किटण गेलं, म्हणून फट दिसते.

क्लोरहेक्झिडिनच्या चुळा मला दोन आठवडेच सांगितल्या होत्या. पेस्टनंतर अर्ध्या तासाने करा. जास्त दिवस केल्या तर दात तपकिरी पडतात. अँटिबायोटिक मेडिकलमधून परस्पर आणू नका.

साखर वाढलेली असेल तर हिरड्या नीट भरत नाहीत. माझ्या डॉक्टरांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) बघूनच पुढची तारीख दिली. मशेरी सोडाच. सासूबाई म्हणायच्या, ‘माझ्या तर कधी रक्त येत नाही.’ तंबाखूने रक्त दबतं, आजार आत चालूच राहतो. त्यांच्या दाढा गेल्या.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजलं. ७ चे ५ झाले, पण रक्त येतच होतं, म्हणून तिथे फ्लॅप केलं: हिरडी उचलून मूळ साफ करतात, टाके घालतात. आठवडाभर मऊ भात. झिजलेल्या जागी भरायची हाडाची भुकटी सगळ्यांनाच लागत नाही; का हवी, ते विचारा.

पैशांची ओढाताण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात जा, मुंबईत ते सीएसएमटीजवळ आहे. शिकणारी मुलं करतात, पण वरचे डॉक्टर तपासतात. वेळ मात्र हाताशी ठेवा.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि रात्री फटींमधून छोटा ब्रश. त्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्या: फटीत घट्ट बसावा, पण ढकलावा लागू नये.