लाउगावेगुर ट्रेक: आइसलंडमध्ये हट टू हट चालायचं प्लॅनिंग

सह्याद्रीत आपण शुक्रवारी रात्री ठरवतो, सॅक भरतो आणि शेवटची एसटी पकडतो, मुक्काम गुहेत नाहीतर गावातल्या देवळात. लाउगावेगुरसाठी ही सवय आधी सोडा. लांडमन्नालाउगर ते थोर्समोर्क, 55 किलोमीटर, साधारण 4 दिवस, आणि मधे गाव नाही, दुकान-टपरीच्या भरवशावर चालायचं नाही. रोज रात्री कुठे झोपणार हे कित्येक महिने आधी नक्की असायला हवं.

म्हणून पहिलं काम हटचं बुकिंग, विमानाचं तिकीट नाही! हट्स फेर्दाफेलाग इस्लान्ड्स ही तिथली जुनी ट्रेकिंग संस्था चालवते. पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग आदल्या वर्षीच सुरू होतं आणि जुलै-ऑगस्टच्या जागा पटापट जातात. सलग रात्री ओळीने मिळायला हव्यात, पहिली हराफ्नतिन्नुस्केर, दुसरी आल्फ्तावात्न, तिसरी एमस्त्रुर, चौथी थोर्समोर्क. दुसरीला जागा नसेल तर थोडं पुढे ह्वान्गिल आहे तिथे बघा, फक्त तेवढं अंतर त्या दिवसात वाढतं. तारखा मिळाल्या की मग तिकीट, मग शेंगेन व्हिसा, आणि त्यासाठी लागणारा किमान 30,000 युरोचा इन्शुरन्स काढताना ट्रेकिंग आणि रेस्क्यू त्यात धरलंय का ते वाचून घ्या.

सीझन छोटा आहे, जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये वरच्या भागात भरपूर बर्फ असतो, सप्टेंबरात दिवस झपाट्याने लहान होतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मधलाच काळ निवडावा असं मला वाटतं. जुलैत रात्री नीट अंधारच होत नाही, डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या.

हटमध्ये गादी, गॅस आणि भांडी मिळतात. स्लीपिंग बॅग आपली. चार्जिंग मिळेलच असं धरू नका, पॉवर बँक न्या. बूट दारातच काढायचे (आपल्याला हे सांगायला नको), आणि कचरा परत घेऊन यायचा, एक रॅपरसुद्धा मागे सोडायचं नाही. जेवणाचं सगळं पाठीवर, त्यामुळे घरचे भाजलेले पोहे, उपमा मिक्स, मेतकूट, भाजणी सोन्यासारखी उपयोगी पडते, उकळतं पाणी ओतलं की झालं.

पहिला दिवस 12 किलोमीटरच आहे पण चढाचा. निघताच ज्वालामुखीचा काळा काचेसारखा दगड असलेलं लाव्हाचं रान लागतं, साधारण 1477 च्या उद्रेकातलं, आणि पुढे डोंगर पिवळे, गुलाबी, हिरवट. आपला सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच पण तो बसाल्ट, काळा. इथे रायोलाइट आहे, सिलिका जास्त, त्यात गरम वाफांनी खडकाचा रंग पालटलेला, म्हणून हे असं दिसतं. वाफा येतात तिथे पायवाट सोडू नका, वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळता चिखल.

हराफ्नतिन्नुस्केर हजार मीटरच्या वर आहे. 2004 च्या जूनच्या शेवटी एक 25 वर्षांचा मुलगा याच हटच्या अगदी जवळ बर्फाच्या वादळात गेला, तिथे त्याच्या आठवणीचा दगडांचा ढीग आहे. उन्हाळ्यातली गोष्ट आहे ही. म्हणून रोज निघण्याआधी हटच्या वॉर्डनला हवामान विचारा आणि तो थांबा म्हणाला तर थांबा, आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवाच. कॉटन आणि जीन्स अजिबात नको, अंगाला लागून लोकरीचा थर आणि वर खरोखरचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, आपला पावसाळी पॉन्चो तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. जीपीएसमध्ये ट्रॅक आणि फोनमध्ये 112 आइसलंड अ‍ॅप घाला, आपला मार्ग सेफट्रॅव्हल या तिथल्या प्रवासी सुरक्षेच्या साइटवर कळवून निघा.

आता नद्या. पूल सगळीकडे नाहीत, तिसऱ्या दिवशी ब्लाउफ्याटलाक्विस्ल आणि शेवटच्या दिवशी थ्रोंगाउ चालत ओलांडावी लागते. आपण ओढा बुटांसकट पार करतो, इथे ते करू नका, हे हिमनदीकडून आलेलं पाणी आहे, हाडं गोठतात आणि बूट वाळत नाहीत. पट्ट्याच्या सँडल किंवा जुने रनिंग शूज वेगळे न्या, अनवाणी मुळीच नको. अरुंद जागा सोपी वाटते पण तीच खोल असते, पसरट जागा शोधा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवून काठी टेकत हळूहळू जा. पाणी सकाळी कमी असतं, दुपारी बर्फ वितळून वाढतं, मांडीच्या वर वाटलं तर दुसऱ्या ग्रुपची वाट बघा. थोर्समोर्कमधली क्रोसाउ मात्र फक्त पुलावरूनच!

तिथे पोचल्यावर पाय धड असतील तर आणखी साधारण 25 किलोमीटर, फिम्वोर्दुहाल्सची खिंड ओलांडून स्कोगारला उतरता येतं. वाटेत 2010 च्या उद्रेकात तयार झालेली माग्नी आणि मोदी ही विवरं लागतात. पण खिंड उंचावर आहे, धुक्यात वाट दिसत नाही. आकाश स्वच्छ असेल तरच निघा, नाहीतर थोर्समोर्कहूनच बसने रेक्याविकला परता, त्या बसचं बुकिंगही घरूनच करून ठेवा.